दुसरी पंगत, टेबल ११४

जहाजाच्या सफरीच्या आरक्षणाच्या अर्जात जेवणाविषयी दोनच रकाने होते. वेळ कोणती, पहिली पंगत की दुसरी? आणि टेबल किती जणांचं हवं: दोन, चार, सहा की आठ? ताई माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, “दोघींचंच घे गं. ओळख ना पाळख, त्यांच्याशी सात रात्री बोलायचं तरी काय?” मी दोनवर खूण केली. निघायच्या आधी कागदपत्रं आली, त्यांवर होतं: दुसरी पंगत, रात्री सव्वाआठ, टेबल क्रमांक ११४. जहाजावर गेल्यावर ते आठ जणांचं निघालं. अर्जातली खूण ही नुसती विनंती असते, दोघांची टेबलं मोजकीच असतात आणि ती आधी भरून जातात, हे आम्हाला तिथे समजलं.

ताईविषयी आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिचा डावा कान जवळजवळ गेलेला आहे आणि उजव्यात यंत्र आहे. यंत्र दिसू नये अशा बेताने ती केस ठेवते. शांत खोलीत, समोरासमोर, तिला सगळं नीट ऐकू येतं. घरातले आम्ही सवयीने तिच्या उजव्या बाजूला बसतो आणि कानाचा विषयच आता कुणी काढत नाही. त्यामुळे “दोघींचंच घे” यामागे काय होतं, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

मोठ्या जहाजाच्या मुख्य डायनिंग रूममध्ये सगळे प्रवासी एकाच वेळी मावत नाहीत, म्हणून दोन पंगती. पहिली सहाच्या सुमाराला, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. एक पंगत जेवत असते तेव्हा दुसरीतले लोक कार्यक्रम बघत असतात, मग अदलाबदल. ठरलेल्या पंगतीत तुमचं टेबल, तुमचे वेटर आणि तुमच्या शेजारची माणसं शेवटच्या रात्रीपर्यंत तीच राहतात. ही रीत जुन्या आगबोटींपासूनची. तेव्हा लांबच लांब टेबलं असत, खुर्च्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या असत आणि जेवणाची वर्दी झाली की सगळ्यांनी एकदम बसायचं. १९०५ साली ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन जहाजावर रिट्झच्या नावाचं वेगळं रेस्टॉरंट निघालं, तिथे आपल्या वेळेला जाऊन आपल्याला हवं ते मागवता येई. तरी ठरलेली पंगत पुढेही टिकली. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तिला फाटा दिला, हवं तेव्हा या आणि हवं तिथे बसा असं सुरू केलं, आणि नंतर बऱ्याच कंपन्या दोन्ही पर्याय देऊ लागल्या. मला कुणी विचारलं तर मी ठरलेली पंगतच घ्या म्हणेन. पहिल्या रात्री मात्र असं म्हणाले नसते.

डायनिंग रूमच्या दारात हात धुवायची बेसिनं होती. तिथे उभी असलेली मुलगी नुसतं जेल चोळून आत निघालेल्यांना साबणाकडे वळवत होती. जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ आणणारा नोरोव्हायरस जेलने नीट मरत नाही, साबण-पाणीच लागतं. आठ अनोळखी माणसं एकाच टोपलीतून ब्रेड घेणार म्हटल्यावर मला तिचा तो आग्रह फार बरा वाटला.

आत शिरलो आणि आवाज अंगावर आला. शेकडो माणसं एकदम बसत होती, खुर्च्या सरकत होत्या, काट्याचमच्यांचा खणखणाट, कुठेतरी कुणाचा तरी वाढदिवस. आमचं टेबल लांबट होतं आणि स्वयंपाकघराच्या दाराला अगदी लागून. ते दार दर काही सेकंदांनी उघडायचं आणि आतून थाळ्यांचा आवाज यायचा. आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो, त्यामुळे उरलेल्या खुर्च्यांतल्या दोन आमच्या. ताई मधोमध बसली, दाराकडे पाठ करून, आणि तिच्या डाव्या हाताला टेबलावरची निम्मी माणसं.

कोण कोण होतं? एक नवं लग्न झालेलं जोडपं. एक साठीच्या बाई आणि त्यांची मुलगी. मुलगी अतिदक्षता विभागात नर्स. आणि एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ, एकटे, काठी घेऊन आलेले. आठवी खुर्ची रिकामी राहिली आणि ती शेवटपर्यंत रिकामीच होती. सगळ्यांनी आपापली नावं सांगितली. त्या गोंगाटात मला त्यातली दोनच कळली, ताईला बहुधा एकही नाही.

सूप आलं तेव्हा नर्सच्या आईने ताईला विचारलं, “तुम्हाला मुलं किती?” ताईने हसून मान डोलावली आणि म्हणाली, “हो, फारच छान आहे.”

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग त्या बाई सूपकडे बघू लागल्या, नव्या जोडप्यातली मुलगी नवऱ्याशी काहीतरी बोलू लागली. ताईला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं. तिने चमचा ताटलीत ठेवला आणि त्यानंतर जेवण संपेपर्यंत ती फक्त हसत राहिली. ते हसू मला ओळखीचं आहे. दमल्यावर ती तशी हसते.

केबिनमध्ये आल्यावर तिने यंत्र काढून डबीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्यापासून आपण वर बुफेला जाऊ.”

मी हो म्हटलं. मला वाटलं, तिला माणसं आवडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बुफेला गेलो. तिथे बसायला जागा शोधणारी माणसं हातात ताटं धरून फिरत होती आणि आवाज खालच्यापेक्षा जास्तच होता. टेबल बदलून मिळेल का म्हणून मी चौकशी केली. डायनिंग रूमचा जो प्रमुख असतो, त्याला मेत्र-डी म्हणतात, तो पहिल्या दिवशी दुपारी ठरावीक वेळ दाराशी नकाशा घेऊन बसतो आणि ज्यांना टेबल बदलायचं असेल त्यांचं ऐकून घेतो. ती वेळ आमच्या हातून गेली होती. दुसऱ्या रात्री जेवणाच्या आधी पंधरा मिनिटं येऊन भेटा, असं सांगण्यात आलं. कुणाला हे वाचून जायचं असेल तर हे लक्षात ठेवा: चढल्याबरोबर आपलं टेबल बघून यायचं, डायनिंग रूम रिकामी असते तेव्हाच. दार कुठे, वेटरांची फडताळं कुठे, भिंत कुठे हे दिवसा दिसतं.

ताईला खाली न्यायला मला एकच कारण सापडलं. तिला दूध चालत नाही. आदल्या रात्री जेवण झाल्यावर हेडवेटर दुसऱ्या दिवसाचं मेनूकार्ड घेऊन तिच्यापाशी आला होता आणि काय काय लोण्या-सायीशिवाय करता येईल त्याच्यावर खुणा करून, तिची पसंती लिहून घेऊन गेला होता. “त्यांनी तुझ्यासाठी वेगळं केलं असेल गं, ते वाया जाईल,” मी म्हटलं. अन्न वाया जाणं तिला सहन होत नाही. ती तयार झाली.

मेत्र-डीभोवती माणसांची रांग होती, आमची पाळी यायच्या आत दारं उघडली. म्हणून पुन्हा ११४वर. नव्या जोडप्याच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्यापुढची ताटं-ग्लासं उचललेली होती, म्हणजे ते येणारच नव्हते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एकाच रात्रीत उठून गेले. आपल्यामुळे गेले, असंही मनात आलं.

काठीवाले गृहस्थ आले ते आपल्या खुर्चीत बसलेच नाहीत. ते ताईच्या समोरच्या बाजूला येऊन उभे राहिले, म्हणजे तिला त्यांचा चेहरा पूर्ण दिसेल असे, आणि सावकाश, शब्द न ताणता बोलले. “तुम्ही त्या टोकाच्या खुर्चीत बसाल का? तिथे पाठीमागे खांब आहे आणि सगळी माणसं तुमच्या उजवीकडे येतील. माझा डावा कान बरा आहे, मी या टोकाला बसतो. माझंही काम होईल.”

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं की काय म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं.

“काल तुम्ही बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हता,” ते म्हणाले. “ओठांकडे बघत होता. मी पण तेच करतो.” आणि त्यांनी मान वळवून उजव्या कानामागचं आपलं यंत्र दाखवलं. ताईच्या यंत्राहून मोठं, जुन्या धाटणीचं.

ती उठली. इतकी वर्षं आम्ही जे कधी तिच्याशी बोललो नाही, ते एका तिऱ्हाईताने दोन वाक्यांत केलं होतं, आणि तिला त्यात अपमान वाटला नाही. मी तिच्या जागी येऊन बसले आणि तेव्हा मला कळलं की तिथून खरोखरच काही ऐकू येत नाही. पाठीमागचं दार प्रत्येक वाक्याचा शेवट खाऊन टाकत होतं.

ते पियानो जुळवणारे होते. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी तेच काम केलं. ताईने या प्रवासातला आपला पहिला प्रश्न त्यांना विचारला: कान गेल्यावर कसं केलंत? त्यांनी नीट सांगितलं. पियानोला ८८ पट्ट्या आणि दोनशेहून जास्त तारा. बऱ्याच पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. त्या किंचित जरी वेगळ्या लागल्या तरी आवाजात लाटा उठतात, वाव्-वाव् असं काहीतरी. किल्ली फिरवत गेलं की लाटा मंद होत जातात, आणि एका जागी थांबतात. तार जुळली. वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात, म्हणून त्यांना पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्यांमधल्या लाटा ऐकू येईनात. काही दिवस ते टोक त्यांनी सूर मोजणाऱ्या यंत्रावर तपासून जुळवलं, मग काम सोडलं. माणसांच्या बोलण्यातही तसंच होतं, ते म्हणाले. स्वर ऐकू येतात, ते जाडसर असतात. स, फ, त यांसारखी व्यंजनं बारीक असतात, ती गळतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आणि यंत्र सगळंच मोठं करतं, चमच्यांचा आवाजसुद्धा.

“तेच,” ताई म्हणाली. “अगदी तेच.”

नर्सची आई ऐकत होती. तिने हात पुढे करून ताईच्या मनगटावर ठेवला आणि पहिल्या रात्रीचा प्रश्न पुन्हा विचारला, यावेळी समोर वाकून. ताईने उत्तर दिलं. त्या बाई म्हणाल्या, “मला वाटलं, मी काही लागट विचारलं.” चोवीस तास त्यांच्याही मनात ते राहिलं होतं.

गोल टेबलाची कल्पना नर्सची. लांबट टेबलावर माणूस फक्त दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या एक-दोघांशी बोलू शकतो, गोल टेबलावर सगळ्यांचे चेहरे दिसतात. जेवण संपल्यावर आम्ही पाचही जण मेत्र-डीकडे गेलो. त्याने टेबलांचा नकाशा पसरला, पेन्सिलने भरलेला, खोडलेला, पुन्हा भरलेला. भिंतीच्या कडेला सहा जणांचं एक गोल टेबल होतं, क्रमांक ८७, तिथली मंडळी दुसऱ्याच दिवशी पहिल्या पंगतीत जाणार होती. त्याने आमच्याकडे बघून विचारलं, “तुम्ही एका कुटुंबातले का?” नर्स म्हणाली, “नाही, पण एकत्रच बसायचंय.” त्याने पेन्सिलने ८७ भोवती गोल काढला.

यात एक अडचण होती आणि ती मला सुचलीच नव्हती. वेटरांना टेबलांचे गट नेमून दिलेले असतात. टेबल बदललं की वेटर बदलतो. आमचा वेटर आणि त्याचा मदतनीस यांनी दोन रात्रींत आमची नावं पाठ केली होती. पियानोवाले आजोबांचा हात थरथरतो म्हणून मदतनीस मुलगा त्यांचा कॉफीचा कप न सांगता अर्धाच भरायचा आणि दोनदा भरायचा. ही माणसं सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर सलग जहाजावर असतात, दोन्ही पंगती वाढतात आणि सकाळी नाश्त्याला पुन्हा उभी असतात. समुद्रावरच्या कामगारांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली लागू झाला, त्यात कामाची कमाल मर्यादा चोवीस तासांत चौदा तास आणि आठवड्यात बहात्तर तास आहे. त्यावरून दिवस कसे जात असतील याचा अंदाज करावा. त्यांना सोडून जाताना मला अवघडल्यासारखं झालं. मी वेटरला भेटून कारण सांगितलं. तो म्हणाला, बरं केलंत, त्या दारापाशी त्रासच होतो. आणि खिशातून एक चिठ्ठी काढून दाखवली. ८७च्या वेटरसाठी त्याने लिहून ठेवलं होतं: कुणाला दूध नको, कुणाला अर्धा कप.

तिसऱ्या रात्रीपासून ८७. ताईची खुर्ची भिंतीला पाठ करून, उजवीकडे मी नव्हे, नर्सची आई, कारण माझ्याशी ती दिवसभर बोलतेच. रिकाम्या सहाव्या खुर्चीला आजोबांची काठी अडकवलेली. टेबलक्लॉथवरचे ब्रेडचे कण वेटर एका बोटभर लांबीच्या पन्हाळीसारख्या पट्टीने ओढून घ्यायचा, टेबलाच्या कडेला ताटली धरून, आणि ते चालू असताना आम्ही सगळे हात मांडीवर घेऊन गप्प बसायचो. नंतर नंतर त्या क्षणाची वाट बघायचो, कारण त्यानंतर गोड पदार्थ आणि मग निवांत गप्पा.

टेबलाचं वेळेचं गणित मला तिथे समजलं. स्वयंपाकघरातून एका टेबलाचं ताट एकदम सुटतं, सगळ्यांचं सूप एकत्र, सगळ्यांचं मुख्य जेवण एकत्र. एक माणूस वीस मिनिटं उशिरा आला तर बाकीचे चार उपाशी थांबतात आणि वेटरचं पुढचं सगळं वेळापत्रक ढासळतं. म्हणून यायचं नसेल तर दुपारीच सांगून टाकायचं. जहाज बंदरात थांबलेल्या एका दिवशी नर्स आणि तिची आई दमून झोपून गेल्या आणि आल्या नाहीत. आम्ही तिघं पंधरा मिनिटं न मागवता बसून राहिलो. जहाज कुणासाठी थांबत नाही हे ठाऊक होतं, त्यामुळे त्या किनाऱ्यावर तर राहिल्या नाहीत ना, असं मनात येऊन गेलं. शेवटी वेटरने केबिनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी आमची इतकी माफी मागितली की आम्हालाच संकोच वाटला.

पाचव्या रात्री समुद्र खवळला. सकाळपासून वारा होता, संध्याकाळी जिन्यांच्या कठड्यांना उलटीसाठीच्या कागदी पिशव्या अडकवलेल्या दिसल्या. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवीकडचं डोलणं पुष्कळ कमी करतात. पुढचं आणि मागचं टोक आळीपाळीने वर जाऊन खाली येतं, त्याला मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि आमची डायनिंग रूम मागच्या टोकाला होती. आम्ही गेलो तेव्हा वेटर पाण्याचा जग घेऊन टेबलांमधून फिरत होता आणि टेबलक्लॉथवर हाताने पाणी शिंपडत होता. मी थांबून बघितलं. ओल्या कापडावर ताटली सरकत नाही. जुन्या बोटींवर टेबलाच्या कडेला लाकडी पट्ट्या उभ्या करत, ताटं खाली पडू नयेत म्हणून. पट्ट्या गेल्या, पाणी राहिलं. त्याने ग्लासं अर्धीच भरली आणि फुलदाणी उचलून जमिनीवर ठेवली.

नर्सच्या आईला दोन घासांतच मळमळायला लागलं. मुलीने तिला उठवलं, खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर जाऊन आडवं व्हायचं, तिथे हालचाल सगळ्यांत कमी लागते, असं म्हणत घेऊन गेली. हॉलमधली निम्म्याहून जास्त टेबलं रिकामी होती. आम्ही तिघं उरलो.

आणि ताईला सगळं ऐकू येत होतं! आजूबाजूला बोलणारं कुणी नाही, चमच्यांचा खणखणाट नाही, शेकडो माणसांचा तो सततचा कल्लोळ नाही. जहाज वर जायचं, थबकायचं, खाली यायचं, आणि ती खुर्चीत मागे रेलून आजोबांशी अशी गप्पा मारत होती, जशी मी तिला कित्येक वर्षांत बाहेरच्या कुणाशी मारताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला विचारलं, कुठला आवाज परत ऐकायला मिळावा असं वाटतं? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “शेजारच्या खोलीतला. कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलतंय, आपल्याशी नाही, नुसतंच बोलतंय, ते मला आता येत नाही.” मी हे प्रथमच ऐकत होते.

आजोबांनी तिचा हात धरून ओल्या टेबलक्लॉथवर पालथा ठेवला. शेजारी आपला ठेवला. “हा येतो का?” खालून इंजिनाची घरघर टेबलातून हाताला लागत होती. मी पण हात ठेवला. “खालचे स्वर बहुधा शेवटपर्यंत राहतात,” ते म्हणाले. मुख्य जेवण थंड होत होतं, वेटर दूर उभा राहिला आणि मध्ये आला नाही.

सगळंच गोड झालं असं नाही. सहाव्या रात्री, नटूनथटून जायची रात्र होती ती, नर्सच्या आईने दवाखान्यांविषयी, तिथे माणसांकडे कसं दुर्लक्ष होतं त्याविषयी काहीतरी म्हटलं, आणि मुलीचा आवाज चढला. ती वर्षभर रात्रपाळ्या करून सुट्टीवर आली होती. आई-मुलीचं भांडण अनोळखी माणसांसमोर झालं की त्या माणसांनी कुठे बघायचं, हा प्रश्नच असतो. आम्ही ब्रेडकडे बघितलं. दोघींत कुणी उठून गेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. खुर्ची तीच, उद्या पुन्हा इथेच बसायचंय, हे दोघींना माहीत होतं. कॉफी येईपर्यंत मुलीने आईच्या ताटातला उरलेला केक आपल्याकडे ओढून घेतला होता. हवं तिथे बसायची सोय असती तर त्या दुसऱ्या दिवशी वेगळीकडे गेल्या असत्या आणि आम्ही त्यांना पुन्हा पाहिलंही नसतं. मी ठरलेल्या पंगतीची बाजू घेते ती यासाठी.

नवं जोडपं मला त्याच दिवशी लिफ्टमध्ये भेटलं होतं. मुलगी लाजली. त्यांना लग्नानंतरचा पहिला प्रवास दोघांनीच घालवायचा होता, त्यांनी पहिल्याच रात्री मेत्र-डीला गाठलं आणि दोघांचं टेबल मिळवलं, एवढंच होतं. मी म्हटलं, छान केलंत. मनातली सल गेली. टेबल बदलून घेण्यात कुणाचा अपमान नसतो. जाताना एक शब्द सांगून गेलं तर मागच्यांना बरं वाटतं, इतकंच.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे सगळे प्रवासाच्या साध्या कपड्यांत जेवायला आले. पत्ते, फोन नंबर लिहून झाले. बक्षिशीची रक्कम हल्ली बऱ्याच जहाजांवर रोजच्या रोज खात्यात लागते, तरी आम्ही दोन लिफाफे वेगळे केले होते, एक ८७च्या वेटरांना आणि एक ११४च्या. तो दुसरा द्यायला ताई स्वतः गेली. स्वयंपाकघराच्या त्या दारापाशी उभी राहून ती त्या मदतनीस मुलाशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर तिने सांगितलंही नाही. आजोबा निघताना काठी घ्यायला विसरले, नर्स धावत मागे गेली.

सकाळी नाश्त्याला ठरलेली टेबलं नसतात. दारात जो भेटेल तो वेटर जिथे जागा असेल तिथे नेतो. उतरायच्या गटांचे क्रमांक पुकारले जात होते, सगळीकडे घाई होती, गोंगाट पहिल्या रात्रीइतकाच. आम्हाला एका टेबलाशी नेलं, तिथे आधीच चार माणसं बसली होती, कधी न पाहिलेली. मी सवयीने ताईच्या उजवीकडची खुर्ची धरली. तिने माझा हात बाजूला केला, टेबलाला एक वळसा घालून भिंतीकडे गेली, तिथे बसलेल्या बाईंच्या समोर उभी राहिली आणि कानावरचे केस मागे सारून म्हणाली, “मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुमची जागा मला द्याल का?”